खुणेतला आकडा : वास्तुविशारद कार्यालयांच्या प्रमुखांना एक खुले पत्र

वास्तुविशारद कार्यालयांचे प्रमुख, रेखाटन विभाग सांभाळणारे ज्येष्ठ सहकारी आणि संगणकीय रेखाटनाचे नियम ठरवणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी गेली २२ वर्षे संगणकावर इमारतींची ड्रॉइंग काढते आणि त्यातली अलीकडची बरीच वर्षे इतरांनी काढलेली ड्रॉइंग बाहेर जाण्याआधी तपासते. तपासायला बसले की माझा लाल पेन भिंतींवर फारसा अडत नाही. भिंती, कॉलम, दारे, खिडक्या बहुधा बरोबर असतात, कारण त्यांच्याकडे सगळ्यांचेच लक्ष असते. पेन अडतो तो खुणांवर : सेक्शनच्या (इमारत उभी कापून दाखवलेल्या चित्राच्या) बाणावर, डिटेलच्या (एखाद्या जागेच्या मोठ्या करून काढलेल्या तपशिलाच्या) वर्तुळावर, लेव्हलच्या (उंचीच्या) त्रिकोणावर, दाराच्या क्रमांकावर. ड्रॉइंग ‘झाले’ असे ठरल्यावर, पाठवण्याच्या घाईत, कार्यालयातल्या सर्वांत नव्या मुलाकडून किंवा मुलीकडून या खुणा टाकून घेतल्या जातात. साइटवरचा माणूस मात्र ड्रॉइंग वाचायला सुरुवात करतो ती याच खुणांपासून. आपण जे शेवटी आणि कमी विचाराने करतो ते त्याला सर्वांत आधी लागते, आणि त्यातून जी एक ठरावीक चूक पुन्हा पुन्हा होते तिच्याविषयी हे पत्र आहे.

डिटेलची साधी खूण घ्या. कागदावर दहा-बारा मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ, मधोमध आडवी रेघ, रेघेच्या वर डिटेलचा क्रमांक आणि खाली शीटचा, म्हणजे ड्रॉइंगच्या कागदाचा, क्रमांक. वर ३ आणि खाली ए-५०२ असे लिहिले असेल, तर ‘या जागेचा तपशील ए-५०२ या शीटवरच्या तिसऱ्या चित्रात पाहा’ एवढे लांब वाक्य त्या नाण्याएवढ्या जागेत मावते. म्हणजे ती खूण हा एक पत्ता आहे, आणि पत्त्याचे मोल त्या ठिकाणी कोण राहतो यावर ठरते. राहणारा दुसरीकडे गेला आणि पत्ता तोच राहिला, तर ती खूण दिसायला तितकीच नेटकी राहून वाचणाऱ्याला भलत्याच दारात नेऊन सोडते.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. ज्या कार्यालयात प्रसंग घडला तिथे तपासणी माझ्याकडेच होती, त्यामुळे दोषाचा वाटा माझाही आहे. एका निवासी इमारतीच्या कामात ए-५०२ या शीटवर उंबऱ्यांचे डिटेल होते. दुसरे डिटेल सज्जाकडे उघडणाऱ्या दाराच्या उंबऱ्याचे आणि तिसरे न्हाणीघराच्या उंबऱ्याचे. काम सुरू झाल्यावर मुख्य दाराच्या उंबऱ्याचे एक डिटेल वाढले आणि कुणीतरी, मुख्य दार आधी यावे या समजुतीने, ते शीटवर पहिल्या जागी ठेवले. बाकीचे सगळे एकेका घराने पुढे सरकले. न्हाणीघराचा उंबरा तिसऱ्याचा चौथा झाला आणि तिसऱ्या जागी सज्जाचा उंबरा येऊन बसला. प्लॅनच्या शीटवर न्हाणीघराच्या उंबऱ्याकडे नेणारी नऊ वर्तुळे होती. त्यांपैकी सात वर्तुळांतला आकडा आपोआप बदलला, कारण ती शीटशी जोडलेली होती. दोन वर्तुळांत ३ तसाच राहिला.

ती दोन वर्तुळे कुणीतरी पूर्वीच फोडून टाकली होती. भिंतीवर चढलेले वर्तुळ जरा लहान करायचे, एवढेच कारण. कागदावर नऊही वर्तुळे तंतोतंत सारखी दिसत होती. मी तपासताना नमुना म्हणून चार वर्तुळे पाहिली, चारही बरोबर निघाली, आणि मी सही केली. साइटवर त्या दोन न्हाणीघरांना सज्जाचा उंबरा बसला : घराबाहेर पाणी जावे म्हणून बाहेरच्या अंगाला उतार असलेला. न्हाणीघराच्या दाराबाहेर असते झोपण्याची खोली. गवंड्याने दिलेल्या डिटेलप्रमाणे चोख काम केले होते आणि त्या उताराने पाणी चोख झोपण्याच्या खोलीकडे जात होते. पाणी भरून चाचणी घेतली तेव्हा ते कळले, आणि दोन्ही उंबरे फोडून पुन्हा बांधावे लागले. नऊही वर्तुळे चुकली असती तर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी फोन केला असता. सात बरोबर होती म्हणूनच उरलेल्या दोघांवर कुणाला संशय आला नाही.

आता ‘फोडणे’ म्हणजे नेमके काय घडते तेही सांगते, कारण अनेक कार्यालयप्रमुखांनी स्वतः संगणकावर रेखाटन करणे सोडून बराच काळ लोटलेला असतो. ऑटोकॅड या संगणकीय रेखाटनाच्या प्रणालीत खूण ही एक ब्लॉक असते : वर्तुळ आणि रेघ यांची एकत्र बांधलेली आकृती, आणि तिच्यात आकडे ठेवण्यासाठी अॅट्रिब्यूट नावाचे कप्पे. एक्सप्लोड हा आदेश दिला की ब्लॉकचे सुटे तुकडे होतात आणि कप्प्यातला आकडा नाहीसा होऊन तिथे कप्प्याचे नाव दिसू लागते. वर्तुळात क्रमांकाच्या जागी एखादे तांत्रिक नाव छापून आलेली शीट आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिली आहे. ती चूक निदान डोळ्यांत भरते. बर्स्ट नावाचा दुसरा आदेश त्याहून सफाईदार आहे. तोही ब्लॉक फोडतो, पण आकडा साध्या मजकुराच्या रूपात जागच्या जागी ठेवतो. दिसण्यात तसूभरही फरक पडत नाही, फक्त त्या आकड्याचा शीटशी असलेला धागा तुटतो. आमच्या त्या दोन वर्तुळांचे हेच झाले होते.

हा धागा काही कालपरवाचा शोध नाही. १९६३ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड ही प्रणाली मांडली. पडद्यावर प्रकाशलेखणीने चित्र काढण्याची ती सुरुवात होती आणि तिच्यातच मूळ आकृती आणि तिच्या प्रतिकृती ही कल्पना होती. मूळ आकृती बदलली की चित्रात जिथे जिथे तिची प्रतिकृती ठेवली असेल तिथे तिथे बदल उमटत असे. ऑटोकॅड १९८२ च्या अखेरीस आले. त्याच्या २००५ या आवृत्तीत शीटचा संच सांभाळण्याची सोय आणि फील्ड, म्हणजे दुसरीकडची माहिती वाचून स्वतःला ताजे करणारा मजकूर, या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या. शीटला नवा क्रमांक दिला की तिच्याकडे नेणाऱ्या सगळ्या वर्तुळांतला क्रमांक बदलण्याची व्यवस्था तेव्हापासून हाताशी आहे. तरीही मी आजवर ज्या कार्यालयांची ड्रॉइंग तपासली त्यांतल्या बहुतेकांत शीट क्रमांक हाताने टाइप केलेला असतो, आणि क्रमांक बदलले की एक माणूस दोन दिवस बसून वर्तुळे शोधत राहतो.

फोडणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. मीही अनेक वर्षे तेच केले. पण एकदा मी फोडलेल्या खुणा कुणी, कधी आणि का फोडल्या हे सहकाऱ्यांजवळ बसून विचारत गेले, तेव्हा एकही उत्तर आळसाचे निघाले नाही. वर्तुळ या प्रमाणात फार मोठे येत होते. शीट क्रमांक लांब झाल्याने अक्षरे वर्तुळाबाहेर येत होती. बाण उलट्या बाजूला हवा होता आणि तो फिरवला की आकडाही उलटा होत होता. खुणेला तिच्या लेयरचा, म्हणजे ड्रॉइंगच्या ज्या थरावर ती ठेवली त्याचा, रंग घेता येत नव्हता आणि छापताना ती जाड येत होती. प्रत्येकाची अडचण खरी होती, आणि प्रत्येक वेळी कार्यालयाने दिलेली खूणच अपुरी होती. ज्याच्या हातात चांगले हत्यार नाही तो असलेले हत्यार मोडून वापरतो. म्हणून हे पत्र मी रेखाटन करणाऱ्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे. खुणांचा संग्रह कसा असावा, तो कोणी सांभाळावा आणि त्यासाठी किती वेळ द्यावा, हे ठरवणे आपल्या हातात आहे.

सर्वांत जास्त खुणा फुटतात त्या मापामुळे. संगणकावर इमारत खऱ्या मापात काढली जाते, खूण मात्र कागदाच्या मापात हवी असते. कागदावर १० मिलिमीटरचे वर्तुळ हवे असेल तर १:१०० च्या प्लॅनमध्ये ते १००० मिलिमीटरचे काढावे लागते, १:५० मध्ये ५०० चे आणि १:२० मध्ये २०० चे. जुन्या पद्धतीत प्रत्येक प्रमाणासाठी वेगळी खूण घातली जाई. एकच प्लॅन एका शीटवर १:१०० आणि दुसरीवर १:५० असा दाखवायचा झाला की खुणांचे दोन संच दोन लेयरवर ठेवावे लागत, आणि त्यातला एक संच सुधारायचा हमखास राहून जाई. ऑटोकॅड २००८ मध्ये अॅनोटेटिव्ह खुणा आल्या. एकच खूण ज्या प्रमाणात पाहाल त्या प्रमाणानुसार स्वतःचे माप धरते आणि कागदावर नेहमी १० मिलिमीटरच राहते. रेव्हिट या इमारतीचे मॉडेल बनवणाऱ्या प्रणालीत तर खुणेचे माप पहिल्यापासून कागदाचेच असते आणि दृश्याचे प्रमाण बदलले की खूण निमूटपणे जुळवून घेते.

अॅनोटेटिव्ह पद्धतीलाही स्वतःचे दुखणे आहे, हे मान्य करायला हवे. प्रमाण बदलताना सगळ्या खुणांना ते प्रमाण आपोआप जोडणारी एक कळ पडद्याच्या तळाशी असते. ती चुकून चालू राहिली की प्रत्येक खूण दहा-दहा प्रमाणांचे ओझे वाहू लागते आणि प्रत्येक प्रमाणात तिची जागा वेगळी असू शकते. १:१०० मध्ये नीट बसवलेली खूण १:५० मध्ये शेजारच्या खोलीत सापडते. सल्लागारांच्या फायली जोडत गेल्यावर प्रमाणांची यादी न वापरलेल्या नोंदींनी फुगते आणि फाइल उघडायलाच वेळ लागू लागतो. असे दोनदा झाले की लोक ‘त्या भानगडीत पडायलाच नको’ म्हणून पुन्हा हाताने वर्तुळे काढू लागतात. यावर उपाय सोपा आहे : कार्यालयात चालणारी प्रमाणे मोजकी ठरवा, मूळ फायलीत तेवढीच ठेवा, ती कळ बंद ठेवा. पण हे कुणीतरी एकदा बसून करायला हवे, आणि त्या कुणीतरीचे नाव आपण ठरवलेले नसते.

मापाचाच दुसरा भाग अक्षरांचा. आयएसओ ३०९८ या आंतरराष्ट्रीय मानकात अक्षरांची उंची १.८, २.५, ३.५, ५, ७ मिलिमीटर अशी चढत जाते. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या साधारण १.४ पट आहे आणि हे गुणोत्तर कागदांच्या मापांवरूनच आले आहे. ए-मालिकेतला कागद एका पायरीने मोठा केला की त्याची प्रत्येक बाजू तितक्याच पटीने वाढते, म्हणून ए३ वरचे २.५ मिलिमीटरचे अक्षर ए२ वर मोठे केले की बरोबर ३.५ चे होते. ज्यांनी हे ठरवले त्यांनी लहान-मोठ्या छपाईचा विचार आधीच करून ठेवला होता. आपण करत नाही. आज ए१ शीटवर काढलेले ड्रॉइंग साइटवर बहुतेक वेळा ए३ वर छापून फिरते. ए१ म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटर आणि ए३ म्हणजे २९७ बाय ४२०, थोडक्यात प्रत्येक बाजू निम्मी. दाराच्या खुणेतले २.५ मिलिमीटरचे अक्षर तिथे सव्वा मिलिमीटरचे होते. कडक उन्हात धुळीने भरलेल्या कागदावर ३ आणि ८ यांत फरक करून दाखवा, असे मी नवीन सहकाऱ्यांना सांगते. खुणेतला आकडा ए१ वर ३.५ मिलिमीटरपेक्षा लहान असू नये असा नियम मी स्वतःपुरता केला आहे. वर्तुळे थोडी मोठी होतात आणि काही जणांना ती ओबडधोबड वाटतात, पण छपाईची निम्मी प्रत वाचता येते.

हाताने काढायचे तेव्हा वर्तुळांच्या पट्ट्या असत आणि उंचीप्रमाणे पेन ठरलेला असे : अक्षर ३.५ चे तर रेघ ०.३५ ची, २.५ चे तर ०.२५ ची. संगणकावर रेघेची जाडी बहुतेक कार्यालयांत अजूनही रंगावरून ठरते. लाल म्हणजे बारीक, निळा म्हणजे जाड, असे काहीतरी. त्यामुळे खुणेचा ब्लॉक बाहेरून उचलून आणला आणि त्याच्या रेघांना स्वतःचाच रंग चिकटलेला असला, तर तो आपल्या छपाईत मनाला येईल त्या जाडीने उमटतो. ब्लॉकच्या आतल्या रेघा शून्य क्रमांकाच्या लेयरवर काढल्या आणि त्यांचा रंग लेयरनुसार ठेवला, तर खूण ज्या लेयरवर ठेवाल त्याचा रंग आणि जाडी घेते. एवढी एक गोष्ट नीट केली तरी फोडण्याच्या कारणांपैकी एक कायमचे जाते. तसेच खुणेमागे पांढरी झाक ठेवली तर ती फरशीच्या किंवा विटांच्या रेघोट्यांत बुडत नाही, आणि तिच्यासाठी रेघोट्या कापत बसावे लागत नाही.

अक्षरांच्या बाबतीत एक बारीकशी गोष्ट, जी मला नेहमी गमतीची वाटते. ऑटोकॅडमध्ये व्यासाची खूण उमटवायची तर टक्क्याची चिन्हे दोनदा आणि पुढे सी हे अक्षर टाइप करतात, अंशाच्या खुणेसाठी डी आणि अधिक-उण्यासाठी पी. पण निवडलेल्या फाँटमध्ये ते चिन्हच नसेल तर त्या जागी प्रश्नचिन्ह किंवा रिकामी चौकट येते. सळईच्या व्यासापुढे प्रश्नचिन्ह छापलेले ड्रॉइंग मी पाहिले आहे. प्रश्न रास्त होता, पण तो विचारायची ती जागा नव्हती. मूळ फाँट समोरच्याच्या संगणकावर नसेल तर प्रणाली दुसरा घालते, अक्षरांची रुंदी बदलते आणि शीट क्रमांक वर्तुळ ओलांडून बाहेर पडतो. खुणांसाठी सगळीकडे सापडेल असा एकच साधा फाँट ठरवणे हा कंटाळवाणा निर्णय आहे आणि म्हणूनच तो कुणी घेत नाही.

लेव्हलच्या खुणेवर थोडे जास्त बोलते, कारण तिथे आकडा बरोबर असूनही काम चुकू शकते. ड्रॉइंगमधली मापे मिलिमीटरमध्ये असतात आणि लेव्हल बहुधा मीटरमध्ये, अधिक किंवा उणे चिन्हासह, तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. त्यामुळे +३.१५० हा आकडा पाहताच ती लेव्हल आहे हे कळते. प्रश्न असा की ती कशाची लेव्हल आहे : फरशी बसवून झाल्यावरच्या तयार जमिनीची, की नुसत्या स्लॅबची? दोन्हींत फरशी आणि तिच्याखालच्या थराएवढे, समजा ७५ मिलिमीटर, अंतर असते. वास्तुविशारद तयार जमिनीच्या भाषेत विचार करतो आणि संरचना अभियंता स्लॅबच्या. एकाच सेक्शनवर दोघांचे आकडे एकाच आकाराच्या त्रिकोणात बसले की शटरिंग (काँक्रीटचा साचा) लावणाऱ्याने कोणाचे ऐकायचे? पोकळ त्रिकोण एकाचा आणि भरीव दुसऱ्याचा असा संकेत ठरवून तो खुणांच्या सूचीत लिहिला, आणि शिवाय आकड्याशेजारी दोन अक्षरी संक्षेपही ठेवला, तर गोंधळाला वाव राहत नाही. केवळ आकारभेदावर विसंबू नका असे मी म्हणेन, कारण निम्म्या मापाच्या झेरॉक्समध्ये पोकळ त्रिकोण सहज भरून निघतो. रंगाने फरक दाखवणे तर सोडूनच द्या. छपाई काळी-पांढरी होते.

आरसा-प्रतिमेची चूकही याच जातीची आहे. एका बाजूचे घर काढून झाले की दुसऱ्या बाजूचे घर आरशातल्यासारखे उलटवून घेतात. मजकूर उलटा होऊ नये अशी सोय प्रणालीत असते आणि ती बहुतेक ठिकाणी चालूच असते, म्हणून उलटवलेल्या प्लॅनमध्ये सगळे आकडे सरळ वाचता येतात आणि सगळे ठीक आहे असे वाटते. सेक्शनचा बाण मात्र उलटलेला असतो. डावीकडे पाहणारा बाण आता उजवीकडे पाहतो, आणि तो ज्या सेक्शनकडे नेतो ते सेक्शन अजून पहिल्याच घराचे, पहिल्याच हाताचे असते. दाराच्या खुणेचेही तसेच. खुणेत लिहिलेला प्रकार डाव्या हाताच्या दाराचा, आणि आता दार उघडते उजवीकडे. अक्षरे सरळ असल्याने डोळा फसतो. उलटवलेल्या भागातल्या सगळ्या खुणा काढून नव्याने टाकणे हाच मला सुरक्षित वाटणारा मार्ग आहे. उत्तर दिशेचा बाण प्लॅनबरोबर उलटवला गेला तर काय होते ते सांगायला नको. तो शीटच्या चौकटीत ठेवावा, प्लॅनच्या फायलीत नाही.

ग्रिडच्या, म्हणजे कॉलमच्या रांगांना नावे देणाऱ्या, वर्तुळांत आय आणि ओ ही अक्षरे वगळण्याचा जुना संकेत बहुतेक सगळे पाळतात, कारण ती एक आणि शून्य या आकड्यांसारखी दिसतात. पाळतात, कारण तो संकेत फार पूर्वी कुणीतरी ठरवून दिला आणि शिकवला. म्हणजे ठरवले आणि शिकवले तर लोक पाळतात, एवढे तरी त्यातून दिसते.

बदलांच्या खुणांबाबत माझे मत थोडे कडक आहे. बदललेल्या जागेभोवती ढगासारखी नागमोडी रेघ आणि शेजारी त्रिकोणात आवृत्तीचा क्रमांक, हा प्रघात उत्तम आहे. पण पाचव्या आवृत्तीवर आधीच्या चारही आवृत्त्यांचे ढग तसेच ठेवले की कागदावर आभाळ भरून येते आणि या वेळी नेमके काय बदलले हे शोधणे अशक्य होते. नवी आवृत्ती काढताना जुने ढग काढून टाकावेत, आणि प्रत्येक त्रिकोणातला क्रमांक शीटच्या कोपऱ्यातल्या आवृत्तीच्या नोंदीत सापडायलाच हवा. ढग आहे आणि नोंद नाही, किंवा नोंद आहे आणि ढग नाही, अशी शीट मी परत पाठवते.

यावर आपल्यापैकी अनेकांचे उत्तर मला ठाऊक आहे : हे सगळे जुन्या ऑटोकॅडचे दुखणे आहे, आम्ही आता रेव्हिट किंवा तिच्यासारख्याच आर्किकॅडवर गेलो आहोत, तिथे खुणा आपोआप जुळतात. ते बऱ्याच अंशी खरे आहे. रेव्हिटमध्ये दृश्य शीटवर ठेवले की त्याच्या खुणेत क्रमांक आपोआप येतो आणि तो हाताने खोडून भलताच लिहिता येत नाही. दाराची खूण दाराशीच जोडलेली असते, दार पुसले की खूणही जाते. पण तपासताना मला तिथेही मेलेल्या खुणा सापडतात. नेहमीचे ठरावीक डिटेल मॉडेलमध्ये नसून वेगळ्या जुन्या फायलीत असते, म्हणून कुणीतरी साधी चित्ररूप खूण घेऊन तिच्यात क्रमांक टाइप करते. डिटेलचे दृश्य अजून तयार नाही आणि शीट आज जायची आहे, म्हणून रेघ, वर्तुळ आणि मजकूर यांची जोडाजोड होते, ‘नंतर नीट करू’ असे म्हणून. खरी खूण आणि ही बतावणी कागदावर ओळखू येत नाहीत. शिवाय सल्लागाराला पाठवण्यासाठी मॉडेलमधून साधी रेखाटन फाइल काढली की तिथे खूण उरते, तिच्यामागची जोडणी मॉडेलमध्येच राहते. समोरचा माणूस त्या आकड्यांवर पुढचे सहा महिने काम करतो. प्रणाली बदलल्याने फक्त चूक करायला थोडी जास्त खटपट लागते, आणि घाईत माणूस ती खटपट करतो.

म्हणून माझ्या विनंत्या प्रणालीविषयी नाहीत, आपल्या निर्णयांविषयी आहेत. खुणांचा संग्रह एकाच ठिकाणी ठेवा, आणि त्याची जबाबदारी एका व्यक्तीला नावानिशी द्या. तिला आठवड्यातले काही तास फक्त त्यासाठी मिळू द्या, आणि ते तास कामाच्या हिशेबात धरा. एखाद्याला खूण फोडावीशी वाटली तर त्याने आधी त्या व्यक्तीकडे जावे आणि तिने त्याच दिवशी खूण सुधारून द्यावी. हे दुसरे कलम पाळले नाही तर पहिले कागदावरच राहील, कारण शीट संध्याकाळी जायची असते आणि उत्तर सोमवारी येते. ऑटोकॅडमध्ये २००६ च्या आवृत्तीपासून डायनॅमिक ब्लॉक मिळतात. एकाच सेक्शनच्या खुणेत बाणाची दिशा, शेपटीची लांबी आणि वर्तुळाचा प्रकार बदलण्याची सोय त्यांत करता येते. असा एक ब्लॉक नीट बांधायला दिवस जातो, पण तो वीस फुटक्या खुणांची जागा घेतो.

खुणांची सूची त्या त्या कामापुरती ठेवा. दर संचाच्या पहिल्या शीटवर साठ-सत्तर खुणांची छापील यादी असते आणि त्यातल्या निम्म्या खुणा त्या संचात कुठेच नसतात, तर संचात वापरलेली एखादी खूण यादीत नसते. वाचणारा एकदा यादी पाहतो, हवे ते सापडत नाही, आणि पुन्हा तिकडे वळत नाही.

आणि तपासणीचा वेळ वेगळा काढा. माझ्यासारख्या तपासणाऱ्यांनी नमुन्यादाखल चार वर्तुळे पाहणे पुरेसे नाही हे मी उंबऱ्यांच्या वेळी शिकले. आता मी छापील संच घेऊन बसते, प्रत्येक डिटेलच्या आणि सेक्शनच्या खुणेवर बोट ठेवते, ती सांगते त्या शीटवर जाते, तिथले चित्र खरोखर त्या जागेचे आहे का ते पाहते आणि मग दोन्ही ठिकाणी लाल टिंब देते. शेवटी टिंब नसलेली खूण म्हणजे चुकलेला पत्ता, आणि टिंब नसलेले डिटेल म्हणजे कुणीच न विचारलेले चित्र. चाळीस शीटच्या संचाला माझा जवळपास एक पूर्ण दिवस जातो. हा दिवस कामाच्या वेळापत्रकात कुठेही लिहिलेला नसतो. तो रात्री, किंवा शीट गेल्यानंतर, किंवा कधीच नाही, असा काढावा लागतो. आपल्या पुढच्या वेळापत्रकात शीट पाठवण्याच्या तारखेआधी तो एक दिवस लिहून ठेवावा, एवढी माझी शेवटची विनंती आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
ड्रॉइंग तपासणारी एक आरेखक